वरचा कप

स्टाफरूममध्ये बाईंना 'कपवाल्या' म्हणत, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं. वरवर त्या नाक मुरडायच्या, 'पुरे झालं हं' म्हणायच्या, पण आतून गुदगुल्या व्हायच्या. इतकी वर्षं पाचवीला गणित शिकवलं, खडूनं बोटं पांढरी करून घेतली, तरी कुणी दखल घेतली नव्हती. आता निदान टोपणनाव तरी मिळालं होतं.

कपांची भानगड त्यांनी एका प्रशिक्षणातून उचलली होती. प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. सकाळी चहा, दुपारी जेवण, मध्ये डुलकी आणि शेवटी सही, झालं प्रशिक्षण. पण त्या खेपेला शिकवायला आलेला माणूस जरा वेगळा निघाला. तो म्हणाला, चाचणी घेतल्यावर मूल कुठं अडलं होतं ते कळून उपयोग काय, तोवर बस निघून गेलेली असते. चालू तासातच कळायला हवं. आणि त्यानं प्रत्येकापुढे प्लॅस्टिकचे तीन कप ठेवले. एक हिरवा, एक पिवळा, एक लाल. तिन्ही पालथे, एकावर एक चढवलेले. सगळ्यात वरचा तेवढा दिसतो. हिरवा म्हणजे कळतंय, पुढे चला. पिवळा म्हणजे जरा हळू. लाल म्हणजे थांबा, मी अडलोय. कुणी लाल ठेवला की शिकवणं थांबवायचं, आणि हिरवा ठेवलेल्या एखाद्याला उठवून अडलेल्याला समजावून सांगायला लावायचं. एवढी सोपी गोष्ट. तोंडानं 'कळलं नाही' म्हणायला मुलांची जीभ रेटत नाही, पण कप हलवायला काय लागतं?

बाईंनी घरून पैसे घालून कप आणले आणि खरोखर जादू झाली. आजवर त्या फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, आता वर्गाकडे बघून शिकवू लागल्या. पिवळे कप दिसले की उदाहरण बदलायच्या, लाल दिसला की थांबायच्या. मुलं कुठं ठेचकाळतात ते त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं. त्या वर्षी त्यांना शिकवण्यात पुन्हा मजा वाटायला लागली, ही गोष्ट खरी आहे, आणि पुढे जे झालं त्यानं ती खोटी ठरत नाही.

वर्गात सगळ्यात जास्त लाल कप कुणाचा, तर पणबाईचा. हे नावही स्टाफरूमचंच. मधल्या रांगेत बसणारी ती किरकोळ अंगाची मुलगी, आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, त्यामुळे पोरीच्या स्कर्टच्या चुण्या अशा कडक की बोट कापावं. आणि तोंड उघडलं की पहिला शब्द ठरलेला: 'पण बाई…' पण बाई, असं का? पण बाई, तसं केलं तर? एकदा म्हणाली, पण बाई, अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं तर ते कमी होतं, मग त्याला गुणाकार का म्हणायचं? पुढच्या वर्षी कळेल गं, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा हजर, की बाई, तुम्हाला तरी कधी कळलं? सगळा वर्ग खिदळला, बाईसुद्धा हसल्या. डोक्याला ताप होता, पण गोड ताप होता.

तर आता सहामाही चाचणी झाली होती आणि पणबाईचा पेपर जवळजवळ कोरा होता. सुरुवातीची दोन-चार गणितं बिनचूक, आणि मग पुढे काहीच नाही. खोडाखोडसुद्धा नाही. बाकीच्यांचे गुणही यथातथाच होते, पण पेपर जरा अवघड गेला असं बाईंनी स्वतःला आणि इतरांना सांगून टाकलं होतं. पणबाईचं मात्र असं सांगून भागण्यासारखं नव्हतं.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. शाळेत 'क' तुकडी होती, मागे पडलेल्या मुलांची, आणि ती आपणच सुरू केली याचा त्यांना अभिमान होता. स्टाफरूममध्ये तिला वेटिंग रूम म्हणत. तिथं गेलेलं मूल गाडीची वाट बघत बसायचं आणि गाडी काही यायची नाही. तिथून परत वर आलेलं पोर अजून कुणी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, या मुलीचं मला आश्चर्य वाटतं. तुमच्या तासाला मी कितीदा डोकावलो, हिचा कप कायम हिरवा. आणि पेपर कोरा. म्हणजे आपल्याला कळत नाही, हेही हिला कळत नाही. अशा मुलांसाठीच आपली तुकडी आहे, नाही का? शुक्रवारी तिच्या आईला बोलावू आणि सांगून टाकू. आणि हो, तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना हे कपांचं तंत्र शिकवायला तुम्हाला पाठवावं असं वरून विचारलंय.

बाई 'हो सर' म्हणाल्या. कोणत्या गोष्टीला हो म्हणाल्या ते सरांनी विचारलं नाही. त्या व्हरांड्यात आल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं त्या नळाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि नळ वाहत असताना पाणी प्यायचंच विसरल्या.

कारण पणबाईचा कप हिरवा का असतो, ते त्यांना माहीत होतं.

पावसाळा सरता सरता शाळेत पाहुणे आले होते. दुसऱ्या शाळांचे शिक्षक होते, दोन साहेब होते आणि वर्गाच्या मागे खुर्च्या मांडलेल्या होत्या. मोठे सर नवा शर्ट घालून दाराशी उभे. बाईंनी तास अगदी आखून घेतला होता. अपूर्णांकांची बेरीज, खालचे आकडे वेगळे असतील तर काय करायचं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक असं उदाहरण की पाहुण्यांनी टाळ्याच वाजवाव्यात. मधे एखादा पिवळा कप आला तर बरंच, तंत्र कसं चालतं ते दिसेल, इथपर्यंत त्यांनी हिशेब केला होता. पिवळा आलाही. बाईंनी छानपैकी उदाहरण बदललं, मागे माना डोलल्या.

आणि मग पणबाईनं लाल ठेवला.

बाईंचं घड्याळाकडे लक्ष गेलं. ही पोरगी एकदा 'पण बाई' म्हणाली की दहा मिनिटांची निश्चिंती. शेवटचं उदाहरण बुडालं असतं, घंटा झाली असती आणि पाहुणे अर्धवट तास बघून उठले असते. बाई बोलत बोलत रांगांमधून चालत गेल्या, वाक्यसुद्धा तुटू दिलं नाही. पणबाईच्या बाकाशी आल्यावर एका हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं लाल कप काढून खाली सारला, हिरवा वर केला. पोरीनं मान वर करून बघितलं. बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि पुढे गेल्या. शेवटचं उदाहरण झालं, टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी पाहुण्यांमधल्या एक वयस्क बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, तुम्ही शिकवता शिकवता त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवलात ना, तंत्राबिंत्रापेक्षा मला ते फार आवडलं.

त्या संध्याकाळी बाईंना थोडं खुपलं होतं. उद्या तिला जवळ बसवून समजावू, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी पणबाईचा कप हिरवा. तिसऱ्या दिवशी हिरवा. कळलं वाटतं पोरीला, असं बाईंनी मनाशी म्हटलं. आता उगाच खोटं कशाला बोला, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पोरगी 'पण बाई' म्हणायची थांबली, वर्ग झपाझप पुढे जायला लागला. सगळीकडे हिरवंगार. बाई स्टाफरूममध्ये सांगायच्या की यंदाचा वर्ग म्हणजे लोण्यासारखा आहे, सुरी घातली की चालली.

सरांनी बोलावलं त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. ते दोरीवरचे कपडे काढत होते, बाई घड्या घालत होत्या. ते बिचारे ऐकून म्हणाले, अगं, एक कप तर इकडचा तिकडे केलास, एवढं काय त्यात? पाहुण्यांसमोर सगळेच थोडं सावरून घेतात. आमच्या ऑफिसात साहेब यायचे म्हटलं की तुटकी खुर्चीसुद्धा आम्ही लपवून ठेवतो. बाई म्हणाल्या, खुर्चीला काही वाटत नाही हो. एकच टॉवेल बाईंनी दोनदा उकलला आणि दोनदा त्याची घडी घातली. त्यांना राहून राहून वाटत होतं की आपण पोरीला मारलं असतं, ओरडलो असतो, तरी बरं झालं असतं. ते निदान तिनं आईला सांगितलं असतं. हे कसं सांगणार? बाई हसल्या आणि माझा कप बदलला, यात तक्रार करण्यासारखं तरी काय दिसतं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी पणबाईला वर्गातच थांबवून घेतलं. बाहेर मैदानात कालवा चालला होता. बाईंनी सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. गुण नाहीत, पेपर नाही, आपण दोघी नुसत्या बोलू, असं त्या म्हणाल्या. पोरीनं मान हलवली आणि सवयीनं आपले कप पुढ्यात ठेवले, हिरवा वर.

बाईंनी अगदी पायापासून सुरुवात केली. अर्धं कर. तिनं पट्टी दुमडली. पाव कर. पुन्हा दुमडली. दोन पाव म्हणजे किती? अर्धं, बाई. एक पंचमांश आणि दोन पंचमांश? तीन पंचमांश. का? तुकडे सारखेच आहेत ना बाई, नुसते मोजायचे. असं मोकळं, झरझर. बाई एकेक पायरी चढत होत्या आणि पोरगी बरोबर येत होती. त्यांच्या मनात आलं, हिला कुठं काय अडतंय? हिला तर सगळं येतंय.

मग त्यांनी विचारलं, अर्धं आणि एक तृतीयांश मिळून किती?

पोरगी थांबली. मग वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळी झाली: दोन पंचमांश. बाईंनी काही न बोलता अर्ध्याची पट्टी तिच्यापुढे ठेवली, आणि तिच्याखाली दोन पंचमांशाची. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा आखूड होती. पोरीनं बघितलं. अर्ध्यात भर घातली आणि ते कमी झालं, हे तिला दिसलं. तिला ते दिसलं हे बाईंना दिसलं. तिचे डोळे मोठे झाले, ती पुढे वाकली, ओठ उघडले. आता म्हणेल, बाई मनात म्हणाल्या, म्हण गं, म्हण. पोरीनं ओठ मिटले.

"समजलं?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," ती म्हणाली, आणि हिरवा कप वर होता तरी तिनं तो बोटानं आणखी थोडा घट्ट दाबला.

पाहुणे आले त्या दिवसाचा धडा तोच होता. त्याच्या अलीकडचं सगळं पोरीला येत होतं, पलीकडचं काहीही येत नव्हतं. चाचणीनं नुसता कोरा कागद दाखवला होता. शेजारी बसून पंधरा-वीस मिनिटं बोलल्यावर तो कोरा कुठून सुरू होतो, तो दिवस, तो तास, सगळं बाईंच्या पुढ्यात येऊन पडलं. तेव्हाच त्यांनी बोलायला हवं होतं. पोरगी समोर होती, वर्ग रिकामा होता. शब्द तोंडाशी आलेही होते, पण घंटा झाली, मुलं धाडधाड आत आली, आणि बाईंना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

शुक्रवारी पणबाईची आई कामावरून तशीच आली. मनगटावर इस्त्रीच्या वाफेचा जुना लाल डाग, केस घाईघाईनं बांधलेले. खुर्चीच्या अगदी काठावर बसली. पोरगी शेजारी उभी. मोठ्या सरांनी सगळं सौम्यपणे सांगितलं. मुलगी गुणी आहे, पण तिला तिची गती धरून शिकायला मिळालं पाहिजे. वेगळ्या तुकडीत कमी मुलं असतात, ताण नसतो. आणि बघा, तिला अडलं असतं तर सांगायची सोय बाईंनी किती छान केली होती, पण ती रोज कळतंय असंच दाखवत राहिली.

आईनं ऐकून घेतलं आणि ती पोरीकडे वळली. म्हणाली की रोज कामावरून आल्यावर मी तुला काय विचारते? कळतंय का, एवढंच विचारते. मला पुढचं काही विचारता येत नाही म्हणून तेवढंच विचारते. आणि तू रोज सांगतेस, हिरवा आहे. मग खोटं का बोललीस?

पणबाईनं एकदा, एकदाच, बाईंकडे बघितलं.

"मला वाटलं, मला कळलंय," ती म्हणाली.

पोरगी त्यांना पाठीशी घालत होती. एवढीशी पोर, स्वतः वेटिंग रूममध्ये जायला निघालेली, आणि जाता जाता बाईंना वाचवत होती. आता नुसतं गप्प बसलं की झालं. सर कागद पुढे करतील, आई सही करेल, पुढच्या महिन्यात आपण दुसऱ्या शाळांमध्ये जाऊन सांगू की मुलांचा कप कसा वाचायचा. कुणालाही काही कळणार नाही. गप्प बसणं इतकं सोपं होतं की बाईंना आपलीच भीती वाटली.

"सर, ती खोटं बोलत नव्हती," त्या म्हणाल्या. "आत्ता बोलतेय, पण ते माझ्यासाठी. पाहुणे आले होते त्या दिवशी तिनं लाल कप ठेवला होता. तो मी काढला. माझ्या हातानं काढला आणि हिरवा वर केला, कारण मला तास पुरा करायचा होता. तेव्हापासून तिचा कप हिरवा आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. बाईंना वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. त्या बोलतच राहिल्या, की तिला तुकडी बदलायची गरज नाही, एक धडा हवाय, जो मी तिला द्यायचा राहिलाय. त्याच्या आधीचं सगळं तिचं पक्कं आहे, हवं तर आत्ता विचारून बघा. सरांनी विचारलं नाही. मग म्हणाले की ठीक आहे, वार्षिक परीक्षेपर्यंत तुकडी बदलायचा विषय नको, तोवर जबाबदारी तुमची. आणि ते दुसऱ्या शाळांचं, ते तूर्त राहू द्या. बाई म्हणाल्या, राहू द्याच सर.

आई उठली. बाईंना वाटलं, ही आता दोन शब्द सुनावेल, आणि तिनं सुनावावेत अशी त्यांची इच्छाही होती. पण ती हळू आवाजात बोलली. म्हणाली, निकाल लागल्यापासून मी हिला खोटारडी म्हणतेय. धड जेवायला वाढलं नाही हिला मी. घरात तुमचं नाव निघालं की ही म्हणायची, आमच्या बाई चांगल्या आहेत.

बाई 'माझं चुकलं' असं काहीतरी पुटपुटल्या.

"ते तुम्ही सरांना सांगितलंत, मला सांगितलंत," आई म्हणाली. "तिला कुठं सांगितलंत? आणि इथं नको. जिथं केलंत ना बाई, तिथं सांगा."

तिनं पोरीच्या स्कर्टची एक विस्कटलेली चुणी चिमटीनं सारखी केली आणि कामावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास गणिताचा होता. बाई वर्गात शिरल्या तेव्हा रोजच्यासारखे कप मांडून झाले होते, रोजच्यासारखे सगळे हिरवे. त्यांनी हजेरी घेतली. खडू उचलला, परत ठेवला. फळ्यावर आदल्या दिवशीच्या तासाचं, कुठल्या कुठे पुढे गेलेलं गणित तसंच होतं. त्या रांगांमधून चालत पणबाईच्या बाकाशी गेल्या. त्या दिवशी गेल्या होत्या तशाच. या खेपेला डोक्यावर हात ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या बाकाशेजारी उकिडव्या बसल्या, आणि वर्गाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या.

"पाहुणे आले त्या दिवशी तुझा कप लाल होता. तुला अडलं होतं, आणि तू अगदी बरोबर केलंस. मी तो बदलला. चूक माझी होती, तुझी नव्हती. मला माफ कर."

शिक्षक माफी मागतात हे वर्गानं कधी पाहिलं नव्हतं. पणबाई मान खाली घालून कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. बाई वाट बघत होत्या. ती हो म्हणेल, किंवा रडेल, किंवा नुसती मान हलवेल, आणि मग आपण पट्ट्या काढू आणि अर्ध्यापासून पुन्हा सुरू करू, एवढंच त्यांच्या मनात होतं. एका पोरीचं देणं होतं, ते फेडायला त्या आल्या होत्या.

"पण बाई," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी ते शब्द ऐकून बाईंचे डोळे भरून आले. म्हण, त्या म्हणाल्या, काय ते म्हण.

"पण बाई, ते सगळ्यांनीच बघितलं होतं."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्या बाकाचा आधार घेऊन उठल्या आणि त्यांनी वर्गाकडे बघितलं. हिरवे, हिरवे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवे कप. त्यांच्या लोण्यासारख्या वर्गाचे. पेपर अवघड गेला म्हणून सोडून दिलेले ते सगळे यथातथा गुण त्यांना आठवले, आणि त्या दिवसानंतर आपण वर्गात एकदा तरी लाल कप पाहिला का, हे आठवेना. पिवळासुद्धा आठवेना. मुलं त्यांच्याकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती.

पणबाईनं हिरवा कप काढून बाजूला ठेवला आणि लाल वर चढवला. शेजारच्या मुलीनं तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि आपलाही बदलला. मागून प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याचा आवाज आला. मग खिडकीकडून. मग इकडून तिकडून, सगळीकडून. सगळ्यात शेवटी, पहिल्या बाकावर बसणाऱ्या, दर परीक्षेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलीनं कान लाल करून आपला कप बदलला.

बाईंनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचं सगळं पुसायला सुरुवात केली.